टेस्टबाई जागा लावतात

प्रमिलाबाई मेश्राम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरचे फोटो पाहिले नाहीत, सोफ्यावर टेकल्या नाहीत, 'घर छान ठेवलं हो' असंही म्हणाल्या नाहीत. चपला काढल्या आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोच्या पाठीशी उभ्या राहिल्या. नंदा चहा टाकत होती. तिला वाटलं, वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेलं म्हातारं माणूस आहे, साखर नको असेल, सांगायला संकोच वाटत असेल. संकोच हा प्रकार बाईंच्या स्वभावातच नाही, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"चहापत्ती तिकडं खिडकीत काहून ठेवली वं?" बाईंनी विचारलं. "शेगडी इथं, दूध इथं, अन् चहापत्तीसाठी तू रोज पार लकडगंजले जाऊन येते."

तो चहा आम्ही प्यायलो तेव्हा त्यावर साय धरली होती, कारण मधल्या वेळात बाईंनी आमचं निम्मं स्वयंपाकघर हलवलं होतं. मिठाची बरणी खाली आली, पोळपाट वर गेला, डाळींचे डबे रोजच्या लागण्याप्रमाणे पुढेमागे झाले. त्या दिवसापासून आपला खांदा दुखायचा थांबला, असं नंदा सांगते. मला मात्र माझ्याच घरात बिस्किटं सापडत नाहीत. विचारलं तर ती म्हणते, "हाताशीच आहेत." कोणाच्या हाताशी, ते सांगत नाही.

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत बाईंना सगळे 'टेस्टबाई' म्हणतात. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'टेस्टबाई'. नागपुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात एका कापड गिरणीत त्या मानसशास्त्रज्ञ म्हणून लागल्या. त्या जागेवरची पहिली बाई नव्हे, पहिलं माणूस. कोणाला कोणतं काम झेपेल हे भरती करण्याआधीच तपासून पाहायचं, असं त्यांचं काम. आता हे काम आहे, हेच मुळी गिरणीत कोणाला पटेना. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं खातं, अशी सगळ्यांची समजूत. मॅनेजरने बाईंना दवाखान्यामागची खोली दिली, म्हणजे इंजेक्शनची सोय जवळ. पहिल्याच आठवड्यात एक मुकादम आपल्या मेव्हण्याला धरून घेऊन आला. मेव्हणा भिंतीशी बोलायचा.

"मंग तुम्ही काय केलं?" आम्ही विचारतो. ही गोष्ट आम्ही अनेकदा ऐकलेली आहे, पण विचारावंच लागतं.

"काय करणार? टेस्ट घेतली. बोटं लई चांगली होती त्याची. घड्या घालायच्या खात्यात लावून दिलं. भिंतीशी बोलते त बोलू दे ना. भिंतीची तक्रार आहे का?"

टेस्ट म्हणजे एक लाकडी पाटी, तिला भोकं, आणि त्यात बसवायच्या खुंट्या. कामगार त्याला 'बाईचा कॅरम' म्हणायचे. खुंट्या कोण किती झटपट बसवतो, कोण चिडतो, कोण अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर पाहतो, हे बाई मनगटावरच्या पुरुषी घड्याळाकडे बघत टिपायच्या. एका माणसाला रंगीत सुताच्या बॉबिनी मिसळतो म्हणून दर पगाराला दंड बसायचा. सगळे त्याला कामचोर म्हणायचे. त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही, हे बाईंनी शोधून काढलं आणि त्याला कोऱ्या कापडाच्या खात्यात पाठवलं. त्यानंतर त्याला कोणी कामचोर म्हणालं नाही. "माणूस खराब नसते गा," बाई म्हणतात. "जागा खराब असते." हे वाक्य त्या दिवसातून इतक्यांदा म्हणतात की आमच्या सोसायटीतली पोरं नापास झाली की बापाला तेच ऐकवतात.

या वाक्याची मुळं कुठे आहेत, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही नंदाची कढई घासता घासता. बाईंचे वडील त्याच गिरणीत होते. छप्पन सालच्या दीक्षेला बाई त्यांचं बोट धरून गेल्या होत्या. हाताने अतिशय तरबेज माणूस, पण विणाई खात्यात त्यांना कधी घेतलं नाही. तिथे धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं आणि बाकीच्यांना विटाळ व्हायचा. पगार जास्त विणाईत, आणि वडील जन्मभर दुसरीकडे. "टेस्ट जात नाही पाहत," बाई म्हणाल्या. "बोटं पाहते. म्हणून मी हे शिकली." आणि कढई उलटी ठेवून त्या वर निघून गेल्या.

तर अशा या बाई निवृत्त झाल्या, गिरणी बंद पडली, पण बाई काही बंद पडल्या नाहीत. त्या बसत नाहीत. मला बसण्याची मनापासून आवड आहे, त्यामुळे हा त्रास मला सगळ्यांत जास्त. बाई पंक्चरवाल्यासमोर उभ्या राहतात, बँकेत काउंटरच्या आत जातात, चायनीजच्या गाडीवर त्या पोराने सॉसच्या बाटल्या कुठे ठेवाव्यात ते सांगतात. जरीपटका भागातल्या एका साडीच्या दुकानात नंदा त्यांना घेऊन गेली होती. साडी राहिली बाजूला. साड्या दाखवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचा कंटाळा आहे, त्याला गल्ल्यावर बसवा आणि गल्ल्यावरच्याला इकडे आणा, असं बाईंनी मालकाला सांगितलं. मालकाने ऐकलं म्हणे. दुकान अजून चालू आहे, म्हणजे बाईंचं बरोबर असावं.

मी विमा कंपनीत आहे. माझी जागाही चुकली आहे, असं बाईंचं मत आहे. "तू तक्रार फार मन लावून करते," त्या मला म्हणाल्या. "तुले तक्रारीच्या खिडकीवर बसवायले पाहिजे होतं. आतल्या बाजूनं नाही, बाहेरच्या." नंदा त्या दिवशी जेवताना मधूनमधून हसत होती.

लग्न बाईंनी केलं नाही. का, असं विचारलं की त्या म्हणतात, "टेस्टमध्ये कोणी बसलं नाही." भाचे-पुतणे आहेत, सगळे लांब. त्यामुळे दिवसभर ही पायाला भिंगरी. फक्त दिवेलागणीच्या वेळी बाई एका जागी स्थिर दिसायच्या. ती जागा म्हणजे सोसायटीचं गेट, आणि समोर असायचा आमचा वॉचमन, केशवभाऊ निखारे.

केशवभाऊ मूळचा उमरेडचा. घरी पिढीजात हातमाग होते. ते गेले तसा हा नागपूरला आला. बायको आणि मुलगी उमरेडला, आणि हा आमच्या पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत. माणूस सोन्यासारखा, पण वॉचमन म्हणून शून्य. कारण तो बोलतो. गेटमधून येणाऱ्याला 'कुठे जायचं' हे विचारायच्या ऐवजी 'कुठून आले गा, ऊन लई लागलं का' असं विचारतो, आणि पुढच्या चार वाक्यांत त्या माणसाच्या सासूचा संधिवात बाहेर काढतो. तोवर मागून कोण आलं, गाय आली की बैल आला, याचं त्याला भान नसतं.

एके दिवशी दोन माणसं आली आणि आमची पाण्याची मोटर घेऊन गेली. भर दुपारी. केशवभाऊ गेटवरच होता. नुसता होता असं नाही, मोटर टेम्पोत चढवायला त्याने हात लावला. सोसायटीचे सेक्रेटरी चांदेकरसाहेब, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सोसायटीवर राज्य करणारे, तावातावाने खाली आले.

"मोटर कोण घेऊन गेलं?"

"रिपेरिंगवाले, साहेब."

"कोणी बोलावले होते?"

"थे नाही विचारलं. त्या पोराच्या मायचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे साहेब, बिचारा घाईत होता."

संध्याकाळी नळ कोरडे आणि सोसायटीची मीटिंग. चांदेकरसाहेबांनी फर्मान काढलं की महिनाअखेर केशवभाऊ गेला पाहिजे. नोकरी गेली की खोलीही जाणार, आणि उमरेडला परत जायचं तर तिथे माग नाही, काम नाही. केशवभाऊ कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होता. तेव्हा बाई उठल्या. म्हणजे उभ्या होत्याच, पुढे आल्या.

"माणूस खराब नाही, चांदेकर. जागा खराब आहे. महिनाअखेरपर्यंत मी याले दुसरी जागा लावून देते. तोवर त्याले हात लावायचा नाही."

'चांदेकर' असं नुसतं नाव चांदेकरसाहेबांच्या सौभाग्यवतीसुद्धा घेत नाहीत.

मला वाटलं, आता बाईंची खरी विद्या पाहायला मिळणार. पहिल्यांदा त्यांनी केशवभाऊला सोसायटीच्या बागेत माळी म्हणून लावलं. झाडं काही उत्तर देत नाहीत, म्हणून हा सकाळी फिरणाऱ्यांशी बोलत बसला. पाइप सुरूच. गुलाबाच्या वाफ्यात चिखल झाला आणि जोशीकाका त्यात घसरले. पडलेल्या जोशीकाकांशी तो इतकं छान बोलला की ते अर्धा तास उठलेच नाहीत.

मग कोपऱ्यावरचं लालवानीशेठचं किराणा दुकान. तिथे तर कमालच झाली. साखर घ्यायला आलेल्या माणसाला हा म्हणायचा, "काकाजी, परवा डॉक्टर काय बोलला तुमाले? अन् साखर काहून नेता?" तुपाच्या गिऱ्हाइकाला कोलेस्टेरॉल, पापडाच्या गिऱ्हाइकाला बीपी. आठवड्याच्या आत शेठ हात जोडत बाईंच्या दारात. "मॅडम, आदमी तो हीरा है, लेकिन मेरी दुकान बैठ जाएगी."

त्यानंतर सोसायटीचं वाचनालय. तिथे निवृत्त मंडळी पेपर वाचतात आणि रहस्यकथा घरी नेतात. केशवभाऊने कौतुकाने एकेकाला खुनी कोण ते सांगून टाकलं.

मला हे चमत्कारिक वाटायला लागलं. पंक्चरवाल्याला नुसतं पाहून त्याचा स्वभाव सांगणाऱ्या बाई, आणि इथे नेम दर वेळी हुकत होता. मीच एकदा सुचवलं, लकडगंजला माझ्या ओळखीचा लाकडाचा व्यापारी आहे, विचारू का? "लांब पडते," बाई म्हणाल्या. नंदाने सीताबर्डीचं एक दुकान सुचवलं. "गर्दी फार." महिना संपत आला. केशवभाऊने खोलीतली भांडी पोत्यात भरायला घेतली आणि बाई जिने चढत-उतरत राहिल्या. आमच्याकडे येऊन त्यांनी तेच डबे पुन्हा हलवले. एकदा तर चहापत्ती परत खिडकीत ठेवली. नंदाने माझ्याकडे पाहिलं.

त्याच दिवसांत माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. सामान धरायला कोणी हवं म्हणून मी केशवभाऊला बरोबर नेलं. बाहेरच्या हॉलमध्ये भिंतीला लागून बाकं, त्यावर डोळ्यांत औषध घातलेली म्हातारी माणसं, सगळी भेदरलेली, आणि शेजारी त्यांच्याहून भेदरलेली मुलं. एक आजी तर 'मले घरी न्या' म्हणून रडत होत्या. मी फॉर्म भरून येतो तोवर केशवभाऊ त्यांच्यापुढे उकिडवा बसला होता.

"माह्या मावशीचंही झालं ना, आजी. पट्टी सोडली अन् पयले काय बोलली माहीत आहे? 'घरात जाळे किती झाले वं!' सून अजून रागात आहे."

आजी हसल्या. शेजारचे आजोबा हसले. मग एकेकाने आपली सून काढली. मघाशी ज्या हॉलमध्ये नुसते उसासे ऐकू येत होते तिथे गप्पांचा फड जमला, आणि आत जायची वेळ आली की केशवभाऊ प्रत्येकाला हाताला धरून दारापर्यंत नेऊन सोडत होता. दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "आज एकाचंही प्रेशर वाढलेलं नाही," त्या म्हणाल्या, "बाहेर काय चाललंय?" मग त्यांनी केशवभाऊकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुठे नोकरीला आहेत?"

मी घरी आलो तो अक्षरशः धावत. जिने चढून थेट बाईंच्या दारात. "बाई, जागा सापडली! दवाखान्यात ठेवून घेतात त्याला, पगार इथल्यापेक्षा बरा, मागे राहायला खोलीसुद्धा आहे!"

मला वाटलं होतं, बाई टाळी देतील. बाईंनी खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"धंतोली लांब पडते."

"अहो, मेट्रो आहे की. आणि राहायलाच तिथे आहे त्याला."

"जिने चढणं-उतरणं लागते. त्याचे गुडघे..."

"बाई, त्याने मोटर उचलली आहे."

बाई खुर्चीत बसल्या. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो, त्यामुळे काय करावं ते मला कळेना. मीही उगाच समोर बसलो.

"मले ठाऊक होतं गा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्याची जागा. मोटर गेली त्याच दिवशी ठाऊक होतं. चोर मोटर नेऊन राहिला अन् हा त्याच्या मायची चौकशी करून राहिला. अशाची टेस्ट कायले घ्यायची? हे दवाखान्याचं माणूस आहे, आंधळ्यालेही दिसते."

"मग बाग? लालवानींचं दुकान?"

"थे जवळ होतं."

बाई हाताकडे बघत होत्या.

"संध्याकाळी मी खाली उतरली का तो विचारते, 'मायबाई, आज भाजी काय केली?' दिवसभरात तेवढंच कोणीतरी विचारते मले. बाकी सगळ्यायले मीच विचारते. जिंदगीभर लोकायले चुकीच्या जागेतून काढलं, अन् याले जाणूनबुजून चुकीच्या जागेत बसवत गेली. त्याची भांडी पोत्यात गेली तरी मी गप्पच. माह्या बापाच्या मॅनेजरनं अजून वेगळं काय केलं होतं?"

मला राग यायला हवा होता. एका माणसाची पोटाची भाकरी टांगणीला लागली होती. पण समोर बसलेल्या त्या सतत फिरत्या बाईंकडे पाहून मला फार वाईट वाटलं, आणि 'तुम्ही मॅनेजरसारख्या नाही' असं मी म्हणणार होतो. त्याआधीच बाई उठल्या होत्या.

"सकाळी रिक्षा सांग. मी येते त्याच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी धंतोलीत त्यांनी जो गोंधळ घातला तो दवाखान्यातली मंडळी अजून विसरलेली नाहीत. मॅनेजर केशवभाऊला चौकशीच्या काचेमागे बसवत होता. "काचेमागं बसवून काय त्याचं लोणचं घालता?" असं म्हणून बाईंनी स्वतः एक स्टूल उचललं आणि बाकांच्या मधोमध नेऊन ठेवलं. आणखीही दोन-तीन गोष्टी त्यांनी मॅनेजरकडून भांडून कबूल करून घेतल्या. केशवभाऊ निघताना त्यांच्या पाया पडला तर त्या त्याच्यावरच खेकसल्या, "पेशंटकडं पाह्य, माह्याकडं नको पाहू."

नवा वॉचमन निवडायचं काम चांदेकरसाहेबांनी, दोन पावलं मागे राहून, बाईंनाच दिलं. गेटजवळ टेबल मांडून त्यांनी आलेल्या सगळ्यांच्या टेस्ट घेतल्या आणि बिसेन नावाचा माणूस निवडला. निवड अचूक. बिसेनची नजर घारीची आहे. कामाशिवाय एक शब्द बोलत नाही, येणाऱ्याला अडवतो, नाव विचारतो, वर फोन करतो. नवी मोटर जागेवर आहे. चांदेकरसाहेब बिसेनचं कौतुक करताना थकत नाहीत.

परवा संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. बाई दिवेलागणीला खाली आल्या आणि सवयीने गेटपाशी उभ्या राहिल्या. बिसेन ताडकन उठला, सलाम ठोकला.

"कुठे जायचं, मॅडम? गेट उघडू?"

"नाही गा. असंच."

बिसेन उभाच राहिला. मॅडम उभ्या असताना बसायचं नाही, ही त्याची शिस्त. बाई त्याच्याकडे पाहत होत्या, तो रस्त्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "उघड गेट." आणि कुठेही जायचं नसताना त्या बाहेर पडल्या. त्या गेल्यावर बिसेन खाली बसला. कोपऱ्यापर्यंत जाऊन बाई परत आल्या, तो पुन्हा उठला. बाई तशाच पुन्हा कोपऱ्याकडे वळल्या.

मी चपला घातल्या आणि खाली गेलो. बसलेला माणूस आपणहून उठला, याचं नंदाला इतकं आश्चर्य वाटलं की तिने कारणही विचारलं नाही. बाईंना मी लालवानींच्या दुकानापाशी गाठलं.

"कुठं निघाला गा?"

"कुठेच नाही. आज भाजी काय केली, बाई?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. टेस्ट घेताना पाहत असतील तसं.

"वांगं," त्या म्हणाल्या. मग आम्ही पुढे चालत राहिलो.

"रविवारी सुट्टी असते ना त्याले?"

"असते."

"मंग येईन केशव एखाद्या रविवारी."

"येईल ना," मी म्हणालो.

रविवारी केशवभाऊ पहिल्या गाडीने उमरेडला जातो, बायको-मुलीकडे. ती सुट्टी बाईंनीच त्या दिवशी मॅनेजरशी भांडून त्याला मिळवून दिली होती. हे मला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. आम्ही त्यापुढच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.